दाद न देणारी गाठ

बाहलूल दाजी इराणातल्या अर्दबीलच्या जुन्या बाजारात काळा हलवा करायचे. मोड आलेल्या गव्हाचं पीठ, लोणी आणि पाक तांब्याच्या कढईत घोटायचे आणि गिऱ्हाइकाला पहिला घास स्वतःच्या हाताने भरवायचे. कोणी भावात घासाघीस करू लागलं की म्हणायचे, "आधी गिळ, मग बोल." माझी थोरली बहीण फिरंगीज त्यांची बायको.

आमच्याकडे पोटाचा कॅन्सर गल्लोगल्ली. तरीही दाजींनी दुखणं कडकडीत चहाखाली दाबून ठेवलं. खाल्लेलं उलटून पडू लागलं, तेव्हा दुर्बीण घातली आणि जठरात गाठ निघाली.

डॉक्टर सेवदा तरुण होत्या, शांत बोलायच्या. अशा रुग्णाला बहुधा आधी केमो देतात, गाठ आक्रसली की मग ऑपरेशन. पण दाजींच्या गाठीचा तुकडा तब्रीझहून तपासून आला होता. त्यावरून डॉक्टरांचा अंदाज असा, की ही गाठ त्या औषधांना दाद देणार नाही. अशा दहांत दोघांना गुण येतो. आत्ता ती काढता येईल, उशीर नको. मात्र जठर पूर्ण जाईल.

"पूर्ण?" दाजी म्हणाले. "मग हलवा उतरणार कुठे?"

थोडं थोडं जेवता येतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दाजींच्या कानात ते शिरलंच नाही. दहांत दोघे असतातच ना, मग मी का नसेन, हेच त्यांनी धरून ठेवलं. डॉक्टरांचं ऐका, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "तुझं जठर दे मग उसनं." फिरंगीज त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि काही बोलली नाही.

केमोने केस गेले, बोटं बधिर झाली. मध्येच दुखणं कमी झालं, तेव्हा दुकानात बसून वाटीभर आश, म्हणजे ताकातलं दाट सूप, प्यायले. आम्हाला वाटलं, जिंकलो. पुढच्या तपासणीत गाठ वाढलेली दिसली. पोट उघडलं तर आत सगळीकडे पसरलेलं. काही न काढता टाके घातले.

सेवदाबाई खाटेशी येऊन बसल्या. "मी अंदाज म्हणून सांगितलं, उस्ताद. दटावून सांगायला हवं होतं."

"तू नीटच सांगितलंस, पोरी. मीच आठजणांना ओलांडून त्या दोघांत जाऊन बसलो."

शेवटच्या दिवसांत त्यांनी फिरंगीजला विचारलं, "तुला तेव्हा काय वाटत होतं गं?"

"मलाही औषधच बरं वाटलं होतं," ती म्हणाली. त्यांनी डोळे मिटले, चेहरा जरा सैल झाला.

नवरोजच्या आधीच ते गेले. फिरंगीजला खरं तर ऑपरेशनच हवं होतं. हे तिने मला नंतर सांगितलं. आधी कापलं असतं तर ते जगलेच असते, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. मी तिला तेच सांगतो. ती ऐकून घेते आणि म्हणते, "पण मी बोलायला हवं होतं."