ब्रेक सुनंदाच्या हातात

“डोईफोडे साहब, आज से गाड़ी नहीं चलानी है,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्याआधी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण ते माझ्या कानावरून गेलं. गाडीचं वाक्य मात्र लख्ख ऐकू आलं.

मी सेनेत ड्रायव्हर होतो. लडाखच्या घाटांत बर्फातून ट्रक काढले, पुढे रंगरुटांना गाडी शिकवली आणि नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. पण माझी बायको सुनंदा दिल्लीत केंद्र सरकारच्या कार्यालयात नोकरीला, आर. के. पुरमला तिला मिळालेलं क्वार्टर, म्हणून इथंच राहिलो. अशा माणसाला गाडी चालवू नका म्हणजे काय, हे मॅडमना ठाऊक असावं. त्यांनी उठून तपासणीचा कागद स्वतः माझ्या हातात दिला.

मी कागद घेऊन खोलीबाहेर आलो. सुनंदा बाकावर बसली होती. “काय म्हणाल्या?” तिनं विचारलं. “गाडी बंद,” एवढंच मला सांगता आलं.

आजाराचं नाव ग्लॉकोमा, मराठीत काचबिंदू. आमची मृणाल दिल्लीतच वाढलेली, आता नोकरी करते. तिला मी फोनवर मराठी शब्द सांगितला, तर ती घाबरून म्हणाली, “बाबा, डोळ्यात काच गेली? कशी?” त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

हे सगळं मी का लिहितोय, तर काचबिंदू दुखत नाही. कुठंही ठणकत नाही, डोळा लाल होईलच असं नाही. माझ्या बाबतीत खुणा घरातच दिसत होत्या, पण आम्हाला त्या वाचता आल्या नाहीत. माझ्या ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहायला लागली. सुनंदाला वाटलं, हल्ली मला आवडत नाही. मुनिरकाच्या बाजारात डावीकडून स्कूटर एकदम आभाळातून पडल्यासारखी समोर यायची. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या उघड्या दारावर डोकं आपटायचं, पुन्हा पुन्हा. “आडनाव सार्थ करताय,” सुनंदा म्हणायची. आम्ही हसायचो आणि हळद लावायचो.

शेवटी चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून दुकानात गेलो. तिथल्या माणसानं तपासलं आणि म्हणाला, नंबर तर ठीक आहे, तुम्ही हॉस्पिटलला दाखवा. माजी सैनिकांच्या पॉलिक्लिनिकमधून मला कँटोन्मेंटमधल्या सेनेच्या हॉस्पिटलात पाठवलं.

तिथं पहिली तपासणी टोनोमेट्री, म्हणजे डोळ्यातला दाब मोजणं. ती झटकन झाली. दुसरी पेरिमेट्री. समोर पाहत राहिल्यावर आजूबाजूचं किती दिसतं, ते यात कळतं. एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं आणि कुठंही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मी फायरिंग रेंजवर बसावं तसा सावध बसलो. चार-पाच वेळा बटण दाबलं. मग काहीच चमकेना. वाट पाहून पाहून मी म्हणालो, “सिस्टर, मशीन बंद पड़ गया.”

“नहीं सर,” त्या हळूच म्हणाल्या, “मशीन चल रहा है. आप देखते रहिए.”

निदान नंतर झालं, पण मला ते तिथंच कळलं.

मॅडमनी दुसऱ्या भेटीत मला, सुनंदाला आणि मृणालला समोर बसवून समजावलं. माझ्या भाषेतच. “साहब, इंजन में कूलंट का रास्ता जाम हो जाए तो क्या होता है?”

“प्रेशर बढ़ता है.”

“बस वही. आँख में भी पानी बनता है और निकलता है. निकलने का रास्ता जाम हुआ, प्रेशर बढ़ा, और पीछे की नस दब गई.”

नस एकदा वाळली की गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा जवळपास गेला होता. उजव्या डोळ्यानं मधलं दिसत होतं, नळीतून पाहावं तसं. आता धडपड करायची ती राहिलेलं टिकवण्यासाठी. थेंब चालू झाले, पण दाब पुरेसा उतरेना. मग ऑपरेशन ठरलं, ट्रॅबेक्युलेक्टॉमी. डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायला एक नवी बारीक वाट करून देतात, असा त्याचा अर्थ.

ऑपरेशनची मला भीती वाटली, हे मोकळेपणी सांगतो. उरलेला एकच डोळा, आणि त्यावरच सुरी. पण वॉर्डातल्या मंडळींनी भीतीला फार वेळ दिला नाही. सगळ्यांच्या एकेका डोळ्यावर पट्टी, आणि तोंडं मात्र मोकळी. एकजण नौसेनेतला, एक तोफखान्यातला. कुणाची पोस्टिंग जास्त वाईट होती यावर जेवणापर्यंत वाद चालायचा. ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाल्यावर मला मॅडमच्या खांद्यावरची हुद्द्याची चिन्हं दिसली आणि मी बसल्या बसल्या सलाम ठोकला.

पुढचे काही आठवडे वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. तेवढं जमलं. जमलं नाही ते घरात बसणं. गाडी खाली उभी, तिच्यावर धूळ. बाहेर जायचं तर सुनंदाचा कोपर धरून, आणि ते मला नको वाटायचं. ती ऑफिसला गेली की मी बाल्कनीत बसून गाड्यांचे आवाज ऐकायचो. कुणाचा क्लच घसरतोय, कुणी चुकीच्या गिअरमध्ये चढ चढतोय. दिवसभर तेच.

तपासणीला गेलो तेव्हा मॅडमनी डोळ्यातला दाब पाहिला, समाधान मानलं आणि विचारलं, “पूरा दिन क्या करते हैं?” उत्तर माझ्याआधी सुनंदानं दिलं. मॅडम म्हणाल्या, “कैंट में हर रविवार को कुछ लोग मिलते हैं. सब फ़ौजी, सबकी नज़र कम या बिल्कुल नहीं. एक बार चले जाइए. मेरा ऑर्डर समझिए.”

ऑर्डर म्हटल्यावर गेलो.

मला वाटलं होतं, तिथं सगळे गप्प बसलेले असतील. जिना चढतानाच हसण्याचा गडगडाट ऐकू आला. हा गट चालवतात ते कर्नल साहेब. तरुणपणी सुरुंगाच्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आजाराबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, “सुना है ड्राइवर हो. बताओ, पुराना पेट्रोल वाला ट्रक अच्छा था या बाद वाला डीज़ल?” त्यावर अख्खी खोली दोन तटांत विभागली. मी पेट्रोलच्या बाजूनं इतका भांडलो की चहा गार झाला. घरी परतताना सुनंदा म्हणाली, “अहो, तुमचा आवाज परत आला.”

तिथं मी पुष्कळ शिकलो. गढवालचे हवालदार नेगी, त्यांची नजर मधुमेहानं गेली. त्यांनी मला बोलणारा फोन शिकवला. फोनमध्ये एक सोय असते, बोट फिरवाल तिथलं तो वाचून दाखवतो. पहिल्याच दिवशी त्यानं सुनंदाच्या बहिणीचा निरोप भर सभेत मोठ्यानं वाचला, ज्यात माझ्या घोरण्याबद्दल दोन वाक्यं होती. मराठी असून ती सर्वांना समजली.

पांढऱ्या काठीचं शिक्षणही तिथंच मिळालं. काठी म्हणजे आधार नव्हे. ती पुढच्या पावलाची जागा आधी तपासते. मला ते पटायला वेळ लागला नाही, कारण ताफ्यापुढची पायलट गाडी हेच करते. मग मी आर. के. पुरमहून सदर बाजार कँटोन्मेंटपर्यंत मेट्रोनं एकटा गेलो. स्टेशनवर सांगितलं की त्यांचा माणूस येऊन डब्यापर्यंत सोडतो आणि पुढच्या स्टेशनला कळवतो. उतरल्यावर माझी वाट पाहणारा कुणी उभा होता. घरी फोन केला, “पोचलो.” सुनंदा ऑफिसात होती, तरी मागे टाळ्या ऐकू आल्या. तिनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

सवलतींबद्दलही तिथंच कळलं. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. नोकरीतल्या कारणानं नजर गेली असेल तर पेन्शनचा वेगळा हक्क असतो. माझा आजार नंतरचा, त्यामुळे तो मला लागू नाही, हे कर्नल साहेबांनी पुढच्या एका भेटीत स्वच्छ सांगितलं. पण उपचार, औषधं, काठीचं शिक्षण यांतलं पुष्कळ मिळतं. फक्त विचारायला हवं, आणि विचारायला उंबरठा ओलांडायला हवा.

आता सायकलीचं सांगतो. गटाकडे टँडेम सायकली आहेत, म्हणजे दोन सीट आणि दोन पॅडलच्या जोड्या असलेल्या. पुढे डोळस माणूस बसतो, मागे आमच्यातला. पुढे बसायला काही हौशी मंडळी दर रविवारी येतात. एकदा माझ्या पुढचे गृहस्थ तापानं आले नाहीत. मी म्हणालो, हरकत नाही, मी चहा सांभाळतो. सुनंदा नेहमीसारखी कडेला खुर्चीवर बसली होती. ती उठली आणि पदर खोचत म्हणाली, “मी बसते पुढे.”

कर्नल साहेबांनी विचारलं, “मैडम, आख़िरी बार साइकिल कब चलाई थी?”

“दसवीं में,” ती म्हणाली. “गाँव से हाईस्कूल तक. रोज़.”

“तब तो एक्सपर्ट हैं,” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. सुनंदा पडली तर काय, या विचारानं मी सायकलचे ब्रेक हातानं चाचपून दोनदा तपासले.

पहिल्यांदा आम्ही खरंच कलंडलो. पाय टेकले म्हणून वाचलो. दुसऱ्यांदा निघालो. आयुष्यभर स्टिअरिंग माझ्या हातात आणि ही शेजारी. आता मी तिच्या पाठीमागं, आणि ब्रेक तिच्याकडे. वळण आलं की माझा पाय आपोआप ब्रेक शोधायचा आणि पॅडल अडायचं.

“अहो, पाय थांबवू नका. दोघांचं पॅडल एकच आहे.”

“तू सांगत राहा मग काय येतंय ते.”

“उजवीकडे वळतेय. आता सरळ. पुढे खड्डा, सीटवरून उठा थोडे.”

खड्डा आला, गेला. झाडांचा गारवा लागला. कुठल्याशा बराकीतून फोडणीचा वास आला. तिनं वेग वाढवला आणि कानांत वारा भरला. असा वारा मला किती तरी महिन्यांत लागला नव्हता. सुनंदा पुढे काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं, “काय म्हणतेस?” तर ती गाणं म्हणत होती. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ही सायकल चालवताना गाते हे मला कुठं ठाऊक होतं.

त्या रविवारपासून माझ्या पुढची सीट तिचीच झाली. गाडी आम्ही मयूर विहारला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला वापरायला दिली. देताना मन जड होईल असं वाटलं होतं. झालं नाही.

मॅडमनी आणखी एक गोष्ट बजावली होती, ती तुम्हालाही सांगतो. हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. म्हणून मी गावाकडे धाकट्या भावाला, दत्ताला, फोनवर फोन केले. “दादा, मला सगळं दिसतंय,” तो म्हणायचा. “मलाही दिसत होतं,” मी म्हणायचो. अखेर तो बीडला जाऊन तपासून आला. दाब वाढलेला निघाला, पण नस शाबूत. आता रोज थेंब घालतो आणि मला कळवतो. त्याचे दोन्ही डोळे वाचले. माझ्या आजारातून एवढं जरी निघालं असतं तरी मला पुरलं असतं. मृणालचीही तपासणी झाली, ती ठीक आहे, आणि दर वर्षी करायचं तिनं कबूल केलंय.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटानं पहाटे लांबची फेरी काढली. सात-आठ टँडेम, एकामागं एक. निघालो तेव्हा हवा बरी होती, पण अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. सुनंदानं ब्रेक लावला. “अहो, मला काहीच दिसत नाही,” ती म्हणाली. पुढच्या जोड्याही थांबल्या होत्या. पुढं बसलेले सगळे डोळस लोक एकमेकांना हाका मारत होते, “कहाँ हो? कहाँ हो?”

मागून नेगींचा आवाज आला, “भाभीजी, अब सब बराबर.”

आधी मागच्या सीटा हसल्या, मग पुढच्या. कर्नल साहेब म्हणाले, “घबराइए मत, हम रोज़ यही करते हैं. सब उतर जाओ, बाईं पटरी पकड़ो, घंटी बजाते चलो.” आम्ही घडीच्या काठ्या उघडल्या आणि पुढं झालो. सुनंदानं एका हातानं सायकल धरली, दुसऱ्या हातानं माझा कोपर. फुटपाथची कड काठीला लागत होती, मी सांगत होतो, “इथं उतार आहे. इथं झाडाचं आळं आहे, जरा उजवीकडून ये.” मागं घंट्या वाजत होत्या, कुणी थट्टा करत होतं. अशी आमची वरात चहाच्या टपरीपर्यंत पोचली.

टपरीवाल्यानं धुक्यातून एवढी माणसं बाहेर येताना पाहिली आणि विचारलं, “आप लोग आए कैसे?”

“इनके साथ,” सुनंदा म्हणाली, आणि माझ्या हातात गरम ग्लास दिला.