तीन नंबरची खिडकी

रुग्णालयातल्या तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे हॅलोबाई म्हणत. एकोणीस वर्षं त्यांनी तिथल्याच टेलिफोन बोर्डावर काढली होती. बोर्ड भंगारात गेला, नाव चिकटून राहिलं. आता काम केसपेपरचं. पेशंटने नाव सांगायचं, बाईंनी ते कॉम्प्युटरवर टाकायचं आणि माहिती पडद्यावर आली की कागद छापून शिक्का मारून द्यायचा. माहिती आली तर ना! पडद्यावर ते चक्र गरगरत राहायचं आणि बाई हातावर हात ठेवून बसायच्या. दुसरं करणार काय, नाचणार?

बाहेरच्यांना चक्र दिसत नव्हतं, बाई दिसत होत्या. दर शुक्रवारी येणारे एक काठीवाले आजोबा तर काचेवर टकटक करून विचारायचे, "झोप लागली का हो?" मग मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायचे, "कुणीतरी हुशार माणूस बसवा रे इथे!"

एका सोमवारी प्रशासकांनी बाईंना वर बोलावलं. हॉलमध्ये दोन महिन्यांपूर्वी आठ कॅमेरे लावले होते, त्यातलं चित्रण त्यांनी समोर धरलं. "बघा, चार मिनिटं नुसत्या बसलाय. आठ वाजता तुमचा हात चालतो, दहा वाजले की ढेपाळता. वयाचा प्रश्न आहे, तुमचा दोष नाही." शुक्रवारपर्यंत सुधारणा झाली नाही तर बदली तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. तसं पत्रच हातात दिलं. शेजारी बसलेला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सर्व्हर एकदम ठणठणीत आहे, सर. मी रोज बघतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'तुमचा दोष नाही' म्हणे! शिवी दिली असती तर परवडली असती.

त्यांची नणंद शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. आजवर दोघींचं फक्त लोणी कढवण्यावरून भांडण व्हायचं. त्या संध्याकाळी बाई वही घेऊन तिच्यासमोर बसल्या. "मला सगळं सांग. पहिल्यापासून. आणि वन्सं, मला समजणार नाही असं धरून चालू नकोस."

"बरं. मागणारा तो क्लायंट, म्हणजे तुझी खिडकी. मागितलेलं देणारा तो सर्व्हर, वरच्या खोलीतला."

"म्हणजे घरात मी सर्व्हर आणि तुझा भाऊ क्लायंट."

"आणि तो एका वेळी सतरा गोष्टी मागतो," नणंद म्हणाली. दोघी हसल्या, पण बाईंचा राग हसण्याने विझणारा नव्हता. "मग उत्तर उशिरा आलं तर दोष कुणाचा?"

"तीन जागा बघायच्या. मागणारा, देणारा आणि मधली वाट."

हे बाईंना सांगायची गरजच नव्हती. बोर्डावर त्यांनी हेच केलं होतं. पलीकडून आवाज नाही म्हणजे माणूस मेला असं कुणी धरत नाही. आधी नुसती घंटा द्यायची आणि लाइन जिवंत आहे का ते बघायचं. नणंदेने तशी घंटा देणारी आज्ञा शिकवली, पिंग. काम काही सांगायचं नाही, सर्व्हरला फक्त हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं.

मंगळवार ते गुरुवार बाईंनी दर पाव तासाने पिंग दिलं आणि आकडे वहीत उतरवले. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायची. आठ वाजता हॉल रिकामा, ओ यायला फक्त दोन. दहा वाजता हॉल भरला की आठशे, नऊशे, कधी उत्तरच नाही. एक नंबरच्या खिडकीवरच्या गृहस्थांना चहाला पाठवून त्यांच्या कॉम्प्युटरवरूनही भर गर्दीत पिंग दिलं. दोन. म्हणजे सर्व्हर खरंच ठणठणीत होता आणि बाईही. सडली होती ती मधली वाट.

गुरुवारी दुपारी बाई गुडघ्यांवर बसल्या आणि आपल्या कॉम्प्युटरची तार बोटांनी चाचपत कपाटामागे गेल्या. तिथे धुळीत एक जुनाट डबा लुकलुकत होता. त्यात त्यांची एक तार आणि छतावरून उतरलेल्या आणखी आठ. डब्यातून वर सर्व्हरकडे जाणारी तार मात्र एकच. वायर वाचवायला कॉम्प्युटरवाल्याने आठही कॅमेरे बाईंच्या डब्यात खुपसले होते. नणंदेला फोन केला तेव्हा उरलेलंही उलगडलं. माणूस हलला की हे कॅमेरे जास्त चित्रं पाठवतात. रांग वाढली की वाट तुंबणार. बाई काम करतात की नाही हे बघणाऱ्यांनीच बाईंचं काम अडवलं होतं आणि खापर त्यांच्या वयावर फोडलं होतं!

शुक्रवारी साडेदहाला त्यांनी प्रशासकांना आणि कॉम्प्युटरवाल्याला खिडकीपाशी उभं केलं. पडद्यावर आकडे पडत होते. आठशे सत्तर. नऊशे दहा. बाईंनी कपाटामागे हात घातला आणि कॅमेऱ्यांच्या तारा एकेक करून उपटल्या. आठवी निघाली. दोन. दोन. दोन.

"अहो, कॅमेरे बंद पडले!" हातातल्या मोबाईलकडे बघत प्रशासक ओरडले.

"कॅमेरे? दोन महिने मी लोकांची बोलणी खाल्ली, त्याचं काय?" बाईंचा आवाज हॉलभर गेला. "रोज बघतो म्हणाला होता हा. काय बघत होता?"

कॉम्प्युटरवाला वाकून उपटलेल्या तारा गोळा करू लागला. "मग आधी सांगायचं ना," प्रशासक पुटपुटले. त्यांनी पत्रावर 'तांत्रिक कारणास्तव रद्द' असं खरडलं, कॅमेऱ्यांना वेगळी तार टाकायला सांगितलं आणि निघून गेले. चुकलो म्हणायला जीभ रेटली नाही.

तासाभराने काठीवाले आजोबा आले. नाव सांगून ते काठी टेकवतात न टेकवतात तोच शिक्का मारलेला कागद काचेखालून बाहेर आला. आजोबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि समाधानाने मान हलवली.

"वा! त्या आधीच्या बाईंना काढलं वाटतं. बरं केलं."

"मीच आहे ती," हॅलोबाई म्हणाल्या.

पण आजोबा तोवर वळले होते, आणि मागच्या माणसाला कौतुकाने सांगत होते की नवीन बाई फार हुशार आहे.