राजेसाहेबांना औट करायचं नाही

डोळे मिटतायत, पण झोप येत नाही. पोटभर वरणभात खाऊनही येत नाही म्हणजे कमालच. उद्या राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. मी फिरकी टाकते आणि माझं वय असं, की उद्या नाही तर कधीच नाही. निवड समितीचे कारखानीस सर काल स्पष्टच बोलले, "हेमांगी, चेंडू हवेत उंच सोडणं बंद. सपाट टाक, धावा वाचव. मग बघू." त्यांचं ऐकायचं, असं मी जवळजवळ ठरवलंय. पंख्याची घरघर ऐकता ऐकता पापण्या जड होतात.

हॉलमध्ये काथ्याची मॅट अंथरलेली आहे. तिच्या टोकाशी धोतर खोचून, अनवाणी उभे आहेत ते माझे पणजोबा, रावजी. शंभर वर्षांपूर्वी ते एका संस्थानात पगारी गोलंदाज होते. राजेसाहेबांना सराव द्यायचा, हेच काम. मला भीती वाटत नाही, उलट रागच येतो. आईच्या नव्या फरशीवर त्यांच्या पायांची लाल माती सांडतेय.

"टाक की," ते म्हणतात.

"आधी तुम्ही दाखवा."

मॅट लांबत जाते. आता हे मैदान आहे, कडेला तंबू, आणि पलीकडे आमच्या गॅसच्या शेगडीपुढे राजेसाहेब बॅट टेकवून उभे आहेत. पणजोबा टाकतात, चेंडू स्टंपांच्या बाहेर. पुन्हा बाहेर. राजेसाहेब झोडपतात आणि तंबूतून वाहवा उठते.

"हे असलं काय टाकताय?" मी चिडते.

"राजाला औट करायचं न्हाय. न्येमच हाय तसा. वर्सानुवर्सं असंच टाकलं."

"आणि एक दिवस दांडी उडवलीत, नोकरी घालवलीत. घरात अजून म्हणतात, रावजी चुकले."

"चुकलो व्हय?" ते हसतात. "त्यो येकच बॉल माझा हुता, पोरी. वर सोडला, राजं फुडं आलं, मागं दांडी पडली. भाकरी गेली, रडलो बी. पर पस्तावा त्या बॉलचा न्हाय. त्येच्या आदी जाणूनबुजून वंगाळ टाकलं, त्येचा हाय."

मला एकदम भरून येतं. "उद्या मला काढतील हो, पणजोबा."

"काढू देत. तुझ्या बॉलवर काढू देत, त्यांच्या न्हाय."

ते माझ्या हातात चेंडू देतात आणि माझी बोटं शिवणीवर दाबून धरतात. जाम दुखतं. सोडत मात्र नाहीत.

"हेमांगी, ऊठ, चहा झालाय!"

मी दचकून उठते. हात रिकामा आहे. पण पहिल्या दोन बोटांवर शिवणीच्या टाक्यांची लालभडक रांग उमटली आहे, आणि माझे चेंडू तर सगळे क्लबच्या कपाटात, कुलुपात.

"अगं, बोटांना काय झालं?" आई विचारते. "आज सर सांगतात तसंच टाकणार आहेस ना?"

"नाही," मी म्हणते आणि गरम कप त्याच बोटांनी धरते. चांगलंच झोंबतं.