मोटारीने दिलेला कौल

बाळांनो, मोटारीला कौल लावताना लबाडी करू नये. मी केली आहे, म्हणून सांगते.

तुमची आई शाळेत होती तेव्हाची गोष्ट. तुमच्या आजोबांना जुन्या विलायती गाड्यांचं वेड. गुलबर्ग्याकडच्या आळंदच्या एका जहागीरदारांच्या कोठारात लांबच्या प्रवासाच्या दोन देखण्या मोटारी बारा वर्षं उभ्या होत्या. एक इंग्रजी, एक इटालियन. जहागीरदार, म्हणजे अण्णा, वारले होते. त्यांच्या बहिणीला, म्हणजे अक्कांना, एकच गाडी द्यायची होती.

मी (शिस्तीची बाई!) वहीत तुलना मांडली. इंग्रजी गाडी: सहा सिलिंडर, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड, मागे दोन माणसं ऐसपैस. इटालियन: बुटकी, हलकी, वळणावर मांजरीसारखी; मागे बाक म्हणून नुसती फळी. पुढे आजोबा आणि माझ्या सासूबाई बसणार, हे ठरलेलंच. म्हणजे इटालियन आली की फळीवर मी. इंग्रजीला मी भरभरून गुण दिले.

"आवाज मात्र इटालियनचाच," आजोबा म्हणाले.

"बारा वर्षं बंद आहे ती. कुठे ऐकलात?"

"आत्ताच आला की," ते हळूच म्हणाले.

तेवढ्यात अक्का आल्या. "गुण ऱ्हाऊ द्या बाई. अण्णाच्या गाड्या हायत. कोण जायला तयार हाय, ते त्येंनाच इचारायचं."

देवाला लावतात तसाच कौल. दोन्ही गाड्यांच्या काचेवर ओलं फूल चिकटवायचं. जिचं पडेल ती आमची.

"हात धुवा अन् तुमीच लावा," अक्का म्हणाल्या.

इंग्रजी गाडीचं फूल मी पाण्याच्या एका थेंबावर टेकवलं. इटालियनचं, अक्कांनी आणलेल्या नैवेद्याचा गूळ बोटाला लावून, चांगलं दाबून बसवलं.

भर दुपार. दार बंद, वारा नाही. इंग्रजीचं फूल ढिम्म. आणि मग इटालियनमधून, जुन्या बाजेवर कुणी कूस बदलावी तसा आवाज आला. तिचा वायपर सावकाश उठला, काचेवरून फिरला, त्याने गुळासकट फूल खरवडून खाली टाकलं आणि तो परत जागेवर जाऊन निजला.

"बॅटरी असेल," मी म्हणाले.

आजोबांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तिथे कोळ्याचं जाळं, तेही जुनं.

"कामून घाबरायलाव?" अक्का शांतपणे म्हणाल्या. "अण्णाला गोड चालत न्हवतं. साखरेचा आजार होता." आणि त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

इटालियन घरी आली. गुडघे हनुवटीला लावून मी त्या फळीवर गुलबर्ग्यापासून बिदरपर्यंत सगळा मुलूख पाहिला. सासूबाई पुढून म्हणायच्या, "मागं लई जागा हाय की गं." मी उलटून बोलत नसे. गाडी ऐकत असे.

मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली बाई. पण आजही त्या गाडीत शिरण्याआधी दारावर टकटक करते, आणि आतून उत्तर आलं नाही तरच बसते.