शिंप्याच्या भिंतीचा सेक्शन

अक्कांनी माझ्या टेबलावर फ्रेम आदळली. "बघा की. काय दिसतंय?"

काचेमागं पिवळट कागद. कोपऱ्यात माझी पुसट सही. बाकी कोरा.

आठ-नऊ वर्षांपूर्वी अक्कांचे यजमान गेले. लक्ष्मीपुरीत त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. ते पाडून नवी इमारत बांधायचं काम आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसकडं आलं. मी ड्राफ्ट्समन. जुन्या दुकानाचा सेक्शन काढायचा होता, म्हणजे दुकान उभं कापलं तर आतली भिंत कशी दिसेल ते. हवं होतं फक्त बांधकाम. मी कोळशाची इस्त्री, तीन पायांचं स्टूल, खडूचा डबा, खिळ्याला टांगलेली टेप, सगळं शाईनं काढलं. तेव्हा मी स्वतःला चित्रकार समजायचो.

साहेब म्हणाले, "महापालिकेकडनं इस्त्री पास करून आणायचीय काय रं? खरवड ते."

ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडनं खरवडावी लागते. त्याआधी मी गुपचूप एक अमोनिया प्रिंट काढून अक्कांना दिला. रसायनाचा मसाला लावलेल्या कागदावर ट्रेसिंग ठेवून उजेड द्यायचा, मग अमोनियाची वाफ. रेघा निळ्या होतात, आपले डोळे लाल. असा प्रिंट उन्हानं उडतो, हे सांगायचं मी विसरलो. अक्कांनी तो खिडकीसमोर लावला.

"दुकानाचा फोटू न्हाय वो आमच्याकडं," अक्का आता म्हणाल्या. "ह्येच काय ते हुतं."

मी ऑफिसच्या माळ्यावरून जुनं ट्रेसिंग काढून खिडकीच्या काचेवर धरलं. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामचुकारपणाचं कौतुक वाटलं. खरवडलं होतं, पण वरवर. उजेडात ओरखडे दिसत होते. इस्त्री. डबा. स्टूल.

"आगं बया! स्टुलाचा पाय वाकडाच काढलासा!"

"माझा हात हलला असेल, अक्का."

"न्हाय वो. वाकडाच हुता. किती येळा म्हटलं, बदला म्हणून."



दोन दिवस मी नव्या ट्रेसिंगवर रेघेवर रेघ गिरवली. फक्त दाराशेजारी अडलो. तिथं जुन्या कागदाला भोकच पडलं होतं.

"इथं काय होतं?"

"त्यांची टोपी? न्हाय, ती डोक्यावरच असायची." अक्कांनी डोळे मिटले. "कॅलेंडर? न्हाय... रोज बघत हुते की वो मी. रोज." मग माझ्यावर उखडल्या. "तुम्ही काढलंसा, तुम्हाला तरी आठवाय पायजे!"

मला आठवत नव्हतं.

"खुंटी काढू?"

"नगं. खोटं कायबी नगं."

ती जागा मोकळी ठेवली. यावेळी प्रिंट नाही, ट्रेसिंगच फ्रेम करून दिलं. अक्कांनी ते ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावलं.

साहेब मागं उभे असले, तरी ब्लेड हलक्या हातानं चालवावं. त्या दिवशी शाई खरवडताना ते माझ्या मागं पाचच मिनिटं थांबले होते. तेवढीच पाच मिनिटं मी मन लावून काम केलं, नेमकं दाराशेजारी.