चांगला संकासूर

होळीचा धूर कपड्यांना लागला की वाडीतले एक काका आठवतात. मुंबईत वॉचमन असलेले ते दर शिमग्याला गावी येऊन घरोघरी नाचत फिरणाऱ्या खेळ्यांतला संकासूर राक्षस व्हायचे. काळा वेष, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. पोरं किंचाळत पडवीत पळायची. एकदा खेळे आमच्या अंगणात टेकले, तेव्हा मी त्यांना उत्साहानं सांगितलं, "माझ्या फँटसी कादंबरीत नेहमीसारखा दुष्ट राक्षस नाहीच. तो चांगलाय, त्याला कुणी घाबरत नाही." घाम पुसता पुसता ते थांबले. "असा नको करू रे त्याला," म्हणाले, "वर्षभर मी चांगलाच असतो. कोन बगतंय माज्याकडं?" काका वारले. यंदा वाडीत संकासूर निघाला नाही. माझा चांगला राक्षस अजून कादंबरीतल्या गावात फिरतोय, आणि कुणी मान वर करूनही बघत नाही.