पुरचुंडीची गाठ
पेटीत आज राखेची पुरचुंडी हाताला लागली. दिग्गीच्या रानातली ती सकाळ आठवली. थोरला भाऊ तापानं झिजला होता आणि सांबराचा रस्सा मागत होता. पुरचुंडी देत तो म्हणाला, "राख उडवून वारं बघ. ऊन पडायच्या आत ओढ्याकडनं चढ. ऊन पडल्यावर वारं दरीतनं वर फिरतंय, जनावराला आपला वास आधी पोचतोय." शिकारीला जाताना वाटेत रानदेवाला कौल लावला. उजवं फूल पडेपर्यंत दरीत ऊन आलं. देवानंच होकार दिला, मग राख कशाला, म्हणून तसाच ओढ्याकडून मचाणाकडे चढलो. पाठीला कोमट वारा लागला. वर सांबर ओरडलं आणि पसार झालं. रिकाम्या हातानं परतलो तेव्हा भावानं विचारलं, "राख उडवलीस न्हवं?" "व्हय," मी म्हणालो. "मग माझंच नशीब," म्हणत त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवसांत तो गेला. पुरचुंडीला अजून त्यानंच मारलेली गाठ आहे.